प्रश्न दुसरा : संज्ञा स्पष्ट करा

मधल्या सुट्टीत पेपर तपासायला घेते.
इयत्ता सहावी, पट एकोणीस, हजर चौदा.
व्हरांड्यात धानाची पोती थप्पीला लागलेली,
सोसायटीचं गोदाम नोव्हेंबरातच भरलं
आणि शाळेचा व्हरांडा, म्हणे, रिकामाच तर असतो.

द्वीप.
टिकेश दिघोरे लिहितो :
मामा तलावाच्या मधात उचान जागा आहे.
तिच्यावर बगळे हागतात.
बाबा जाळं टाकते तेव्हा डबा तिथं ठेवते.
उन्हाळ्यात द्वीप राहत नाही
कारण पाणीच राहत नाही.
'हागतात'खाली लाल रेघ मारली.
मग तीच रेघ खोडली.
दोनपैकी दोन.

सीमा म्हणजे धुरा.
धुऱ्यावर तूर लावतात.
तूर कोणाची ते विचारू नये.
(लोमेश कापगते. याच्या काकाची तारीख आहे सोमवारी, साकोलीला.)

अक्षवृत्त ही काल्पनिक रेषा आहे,
जसे आमच्या टोलीवर खांब आहेत पण तार नाही.

ह्यांच्या तोंडात ळ नाही.
डोळ्याचा डोरा, जवळचं जवर, शाळेची शारा.
मी वर्ध्याकडची. पहिल्या वर्षी
एका पोराला फळ्याजवळ अख्खा तास उभं केलं होतं.
मंडळ म्हण.
मंडर.
मंत्रिमंडळ म्हण.
मंत्रिमंडर, जी.
तो आता नागपूरला लिफ्ट बसवतो. दिवाळीला आला की
पाया पडतो, आणि मला
कुठं बघावं कळत नाही.

लोकसंख्येची घनता :
रोवणीच्या दिवसांत एका पिकअपमध्ये सव्वीस बाया.
माझी आत्या उभी राहते, तिला बसता येत नाही,
म्हणून ती मोजायची की नाही?
प्रश्नाला प्रश्न. अर्धा गुण कापायचा असतो.

संस्कृती.
रोशन उईके दोन महिने मिरची तोडून
तेलंगणातून परवाच परतला, बोटं अजून आगागा करतात
म्हणून अक्षर असं.
तिकडं भाताले अन्नम् म्हणतात.
आन् थंडाच देतात.
बस. एवढंच. पुढं पान कोरं
आणि कोपऱ्यात पुसलेला अंगठ्याचा डाग.

सार्वभौम.
हेमेश्वरीनं एका ओळीत लिहिलं : आमची म्हैस.
मी हसले. एकटीच, मोठ्यानं.
कोंडवाड्यातून दोनदा सुटून आलेली ती म्हैस
मला माहीत आहे,
पोलीस पाटलाच्या वांग्यात शिरते
आणि कोणाच्याच हाकेला मान वळवत नाही.
पुस्तकातली व्याख्या पुन्हा वाचली, सावकाश.
चूक कुठं दाखवू?

आणि गणपूर्ती.
दीक्षा रामटेके, हजेरी क्रमांक अकरा :
गणपूर्ती म्हणजे शंभर सह्या.
सभेला नऊ माणसं होती, मी मोजली.
त्यातला एक कुत्रा होता तो धरला नाही.
बाकीची सभा पतिरामकाका सायकलवर घेऊन फिरतात.

इथं थांबले.
कारण दारात सायकल उभी राहिली होती.

पतिराम टोपी काढून आत आला, काखेत ग्रामपंचायतीचं रजिस्टर.
'मॅडम, सव्वीस जानेवारीची सभा.
तुमचीच रायली.'
आज बारा फेब्रुवारी.
माझं नाव इथल्या यादीत चढून सहा वर्षं झाली.
'विषय काय होते?'
'सारेच मंजूर झाले जी.'
बाहेर पोरं लंगडी खेळत होती,
कोणीतरी रडीचा डाव म्हणून ओरडत होतं.
सत्त्याऐंशीवी ओळ. बोट ठेवून त्यानं दाखवली.
दीक्षाचा पेपर मी पालथा घातला,
आणि सही केली, नेहमीसारखी,
आडनावाच्या शेवटी झोकदार शेपटी.

लाल उमटली.
पेन बदलायचं राहूनच गेलं होतं.

पतिरामनं रजिस्टर उजेडाकडे धरलं, फुंकर मारली.
'चालते जी,' म्हणाला, 'लालबी चालते.
उमटली म्हंजे झालं.'

घंटा झाली.
पेपर उलटा केला. दोनपैकी