खोली नंबर एकोणीस

मार्चमध्ये हसू गेलं.
माझं नव्हे, माझं कधी गेलं
ते कुणाच्या ध्यानातसुद्धा नाही.
गोरेगावच्या स्टुडिओत, काचेपलीकडे अभिराम,
पडद्यावर खार फांदीवरून पडते आणि खिदळते.
बारा वर्षं ती खिदळ माझी.
टेक नऊ. टेक चौदा.
अभिराम म्हणाला, घसा बसलाय का, वृंदाताई?
मी म्हटलं, हो.
घसा ठणठणीत होता.

आधी घशाचाच डॉक्टर.
दुर्बीण घालून पाहिलं, म्हणाला, काही नाही.
काही नाही याचे आठशे रुपये.

मग एक बाई सापडल्या, खारला.
हो, खारलाच. तेव्हाही हसू आलं नाही.
टेबलावर पांढरे गोटे, विजेवर झुळझुळणारं पाणी,
पन्नास मिनिटांचे अडीच हजार.
त्या इंग्रजीत विचारायच्या
आणि मी मनातल्या मनात डब करत बसायचे,
त्यांचं वाक्य लांब, आपलं आखूड,
ओठ तर जुळले पाहिजेत.
म्हटलं, घालमेल होते.
मीन्स, अँग्झायटी?
जवळपास, मी म्हटलं. घालमेल म्हणजे
दूध उतू जाईल म्हणून उभं राहायचं
आणि दूध कुठल्या शेगडीवर ठेवलंय
तेच आठवत नाही.
त्यांनी लिहून घेतलं.
एकच शब्द लिहिला, मी पाहिला.

मुलुंडचे डॉक्टर कारखानीस मराठीत बोलायचे.
चार मिनिटं बोलायचे.
खारीचा आवाज? तो तुमचा? अहो, माझा नातू वेडा आहे त्याच्यासाठी,
जरा काढून दाखवा ना!
बाहेर सतरा माणसं, कंपाउंडर दारात,
आणि मी तोंड उघडून बसलेली.
मग त्यांनी गोळी लिहून दिली.
गोळीला नावं ठेवणार नाही, गोळीने झोप आली.
पण झोपेतून उठून जायचं कुठे,
ते चिठ्ठीवर नव्हतं.

नणंद म्हणाली, दोन वेळचं खाता ना, मग.
त्या ‘मग’वर वाक्य संपलं.

प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून.
लहानपण, लग्न, झोप, भूक, घरात कुणाला असं काही होतं का.
दुसऱ्या वेळी रडले. तिसऱ्या वेळी त्याच जागी रडले.
चौथ्या वेळी ‘आई’ म्हणायच्या आधी
मी नेमका दीड सेकंद थांबले
आणि माझं मलाच ऐकू आलं,
टेक चांगला झाला.

त्यानंतर दोन महिने कुठेच गेले नाही.

पालिकेच्या दवाखान्यात खिडकीतला माणूस म्हणाला,
नवीन की जुना?
मी विचारात पडले.
केसपेपर हो, केसपेपर!
नवीन, म्हटलं. दहा रुपये.

खोली नंबर एकोणीस म्हणजे अर्धी खोली,
उरलेल्या अर्धीत पोलिओची खोकी.
समोर तरन्नुम मुकादम, दापोलीकडच्या,
हेल अजून तिकडचाच.
दार लागत नव्हतं, त्यांनी स्टूल लावून ठेवलं.
बोला, म्हणाल्या.
आणि मी वर पाहिलं.
पंखा टक, टक, टक.
कामाची सवय, असा आवाज असला की
माझ्या तोंडून वाक्य निघत नाही.
त्यांनीही वर पाहिलं.
उठल्या, बटण बंद केलं.
मे महिना होता.
पाती फिरत फिरत थांबली
आणि आम्ही दोघी घामाने निथळत बसलो.

मी काही सांगितलं नाही.
वीस मिनिटं. जास्तही असतील.
त्यांनी घड्याळ पाहिलं नाही असं म्हणणार नाही,
दोनदा पाहिलं, बाहेर माणसं होती.
पण विचारलं नाही, मग काय झालं.

शिपाई सांगत होता, बाईंचं कंत्राट डिसेंबरपर्यंतच.
पुढे कोण, साहेबांना विचारा.

गुरुवारी परत बोलावलंय.
निघताना म्हणाल्या, कागद जपा हां,
हरवला तर पहिल्यापासून लिहावं लागतं.

धुतलेल्या दुधाच्या पिशवीत घालून
फ्रिजवर ठेवलाय.