चौदा नंबरची प्रत

इरासी ओकुबो सांगते,
आकाश नको. रस्ता नको. माणूस तर नकोच.
समोरच्या गच्चीवर तिपाई रोवून
जुलैच्या कोरड्या सकाळी ती बसून राहते
ऊन तिरपं होऊन
इमारतीचं वजन काढून घेईपर्यंत.

मग माझ्याकडे येतात नुसत्या रेघा.
चाळीस मजल्यांची बँक
गणिताच्या वहीचं पान होऊन येते.
काचेत शेजारचा टॉवर मोडतो, वितळतो,
हेलिकॉप्टरचा एक तुकडा
शाईच्या थेंबाएवढा.
साओ पावलो कुठंच नाही, आणि सगळं तेच.

मी छापणारा.
सांता इफिजेनियात तळमजल्यावर दुकान,
खिडकीतून दिसतो फक्त समोरच्याचा विजेचा मीटर.
उंची मी कागदावर मोजतो: एक मीटर बाय दीड.
काळा किती काळा हवा
यावरून आम्ही दोघं भांडतो,
बाकी आमच्यात बोलण्यासारखं काही नाही.

चौदा नंबरच्या फोटोत
(हा बँकेनंच मागवलेला)
एकतिसाव्या मजल्याच्या आसपास
एक फिकट कमान होती.
सरळ रेघांच्या त्या शिस्तीत
कुणीतरी झोपेत कूस बदलावी तशी.
चष्मा पुसला. स्क्रीन पुसला.
लेन्सवरचा केस असेल म्हटलं.
कमान हलेना.

त्याच दुपारी जेनिव्हाल्दो आला
मुलीच्या शाळेच्या ओळखपत्राचे फोटो न्यायला.
मूळचा सेआराचा, बोलण्यातला हेल अजून तिकडचाच.
टेबलावर चाचणीची पट्टी उलटी पडलेली,
तरी मान वाकडी करून त्यानं ओळखली.
"ही माझी," म्हणाला.
"बाकीचे उजव्या हातानं ओढतात, त्यांचा फेस असा वळतो.
मी डावखुरा. माझा असा."
आणि हवेतल्या हवेत काच पुसून दाखवली.
दोरावर बसणाऱ्या माणसाचे ते खांदे
माझ्या दुकानात, बसल्या जागी,
शंभर मीटर वर गेले.

माझ्या मनात लगेच मोठमोठं यायला लागलं.
इरासीला सांगायचं, माणूस नको म्हणतेस ना,
हा बघ, आलाच.
सही आहे ही, म्हणायचं.
खाली बारीक अक्षरात नाव घालायचं.
मी त्याला कॉफी ओतली, पेला काठोकाठ.

तो फुंकर घालत म्हणाला,
"काढता येईल का हो हे?
त्या दिवशी वारा सुटला,
अर्ध्यातच वर ओढून घेतलं आम्हाला.
सुपरवायझरचं बँकेत रोजचं येणं-जाणं.
एवढं मोठं करून भिंतीवर लावलंत
तर माझे दोन दिवस कापील."

पैसे देताना घासाघीस केली,
आठ फोटो सहाच्या भावात नेले.

रात्री शटर अर्धं ओढून
कमान काढायला बसलो.
शेजारच्या खिडकीतली थोडी काच उचलायची,
डागावर ठेवायची, कडा मिटवायच्या.
बऱ्याच वेळानं लक्षात आलं,
माऊस धरलेला हात
उजवीकडून डावीकडे वळतोय,
तसाच,
खांदा जरा उचलून.

फोटो लागला बँकेच्या खालच्या दालनात.
"किती स्वच्छ," म्हणतात म्हणे लोक.
इरासीनं फोन करून तेवढंच सांगितलं,
आणि पंधरा नंबरचा काळा अजून थोडा काळा हवा, हे.
जेनिव्हाल्दो मागच्या दारानं आत शिरतो,
बादल्यांच्या लिफ्टनं थेट वर.

चाचणीची पट्टी मी नळाच्या वर चिकटवलीय.
ओलीनं तिच्या कडा वळायला लागल्यात.
इमारत आता जराशी गोल दिसते.