डावी गाठ

वाशीचा बाजार बंद झाला त्या दिवशी
साहेब पडद्यावरच्या चौकटीतून म्हणाले,
शेतकऱ्याचा माल आपण घेऊ, बांधावरून, रोख.
आवाज तुटत होता, पण 'रोख' नीट ऐकू आलं.
मी वहीत लिहून खाली रेघ मारली.

मग शहापूरकडून टेम्पो यायला लागले.
दुबईला जायची ती भेंडी, बोटाएवढी, एकसारखी,
विमानं नाहीत म्हणून महाप्याच्या गोदामात आली
आणि आमच्या काट्यावर जराशी ओशाळून बसली.
चवळीच्या शेंगा. दुधी. दोन दिवस जास्त झालेल्या काकड्या.
नाक्यानाक्यावर दाखवून दाखवून
कान्हा भोईरचा पास घामानं पुसट झाला होता.

आम्ही चौदाजण पिशव्या भरायचो.
तांदूळ पाच किलो, डाळ एक, तेल, मीठ, साबण,
वर हाताला येईल ती भाजी,
आणि पिशवीवर कंपनीचं हिरवं पान.
घणसोली झाली, तुर्भ्याच्या वस्त्या झाल्या.
उरल्या चारशे. कुणीतरी यादी पाहून म्हणालं, पाड्यांवर द्या.

गाडीबरोबर मी गेलो,
कारण फोटो मला काढायचे होते.

टेंभरपाड्याला समाजमंदिरापुढे चुन्याची वर्तुळं.
एका वर्तुळात चांगुणा उघडे, पदर तोंडावर बांधून.
"जरा वर धरा, पान दिसू द्या."
तिनं धरलं. फोटो झाला.
मग उन्हातच पिशवी उघडून बसली,
चवळीची जुडी काढली, फिरवून पाहिली.

"ही माजी."

हो, तुमचीच, घ्या ना, मी म्हटलं.

"तसं नाय, दादा. माजी.
ही गाठ बगा, पळसाच्या वाखाची, डावी.
पाड्यात डावखुरी मी एकली.
मंगळवारी तुम्हालाच इकली, पंधरा रुपयानं."

आधी कान्हा हसला. मग बायका.
मीही हसलो, थोडा उशिरा.
साठ किलोमीटर जाऊन, साठ परत येऊन
जुडी एका अंगानं कोमेजली होती.
पैसे तिला मिळाले होते, हे खरं.
डाळ तिला हवी होती, हेही खरं;
डाळीवर ठेवलेला दुसरा हात
तिनं अजून उचलला नव्हता.

निघताना ती पानांचा पुडा घेऊन आली.
हिरवी करवंदं. वर वाख, वर तीच गाठ.
"पिशव्या भरत्यात त्यांना द्या. रातचं जागत असतील."

"किती झाले?" मी विचारलं. सवयीनं.

तिनं उत्तर दिलं नाही.
कान्हानं गाडी चालू केली.

रात्री गोदामात, सहा-सहा फुटांवर बसून,
मिठाला लावून आम्ही ती खाल्ली.
दात आंबले. शिफ्ट संपली तरी कुणी उठेना.
नंतर मी 'आलेला माल' उघडलं, करवंदं लिहिलं, एक पुडा.
दर विचारला. शून्य टाकलं.
शून्य दराची नोंद प्रणाली घेत नाही, असं लाल अक्षरांत आलं.
एक रुपया टाकून पाहावा वाटलं.
नाही टाकला.

यंदाच्या अहवालात सोळाव्या पानावर चांगुणा आहे.
खाली 'एक लाभार्थी', नाव नाही.
पिशवीच्या तोंडातून शेंगांची टोकं वर आली आहेत.
पान अगदी स्पष्ट छापलं आहे.
गाठ, म्हणजे, पिशवीच्या आत आहे.