सोळा हाका

रात्री अडीचला पार्नूतून मी हाक मारते.
आधी सहा वेळा एकच अक्षर, घसा खाकरावा तसं,
मग यंत्राचा पत्ता, सलग सोळा वेळा.
शास्त्र एवढंच. सोळाच का, ते मला कुणी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

मधे गोठलेला समुद्र.
पलीकडे किह्नू बेटावरची शाळा,
जिन्याखालचं लोखंडी कपाट
आणि त्यात चौदा लॅपटॉप, झाकणं मिटून उभे.
झोपतात, पण पुरते नाही.
वायर जिथे खोचलीय तिथे एक हिरवा ठिपका
जागा असतो, कानोसा घेत.
आपलं नाव आलं तरच उठायचं,
दुसऱ्याच्या हाकेला ढिम्म.

एक उठला. तीन. सात.
पंखे घरघरले असतील, मला ऐकू येत नाही.
पडद्यावर नुसती हिरवी टिंबं,
हजेरीला हात वर व्हावेत तशी.
नऊ नंबर नाही.
(त्याच्यावर सीलचं स्टिकर आहे,
उन्हाळ्यात मी खरवडलं, अर्धंच निघालं.)
पुन्हा सोळा हाका. पुन्हा.
नऊ नंबर ओ देत नाही.

सकाळी एंडेलला फोन. शाळेचा शिपाई, वय एकाहत्तर,
लॅपटॉपला अजून पाटी म्हणतो.
"नऊचा प्लग निघालाय का, बघ."
बराच वेळ नुसता श्वास.
मग त्याच्यामागून एक आवाज आला,
बारीक, ओला,
कुठल्याच यंत्राचा नसलेला.

"मेंढी जवळ घेत नाही," तो म्हणाला. "जुळ्यातलं धाकटं.
घरची चूल रात्री विझते. इथे कपाटापाशी ऊब असते.
दूध कोमट करायला एक प्लग लागला.
नऊचा काढला. तो कडेला होता."

नोंदीत कारणांचा रकाना आहे:
यंत्रातला बिघाड, नेटवर्क, वापरणाऱ्याची चूक.
मी 'इतर'वर टिचकी मारली
आणि पुढची जागा कोरी ठेवली.

त्या आठवड्यात पारा उणे बावीसला गेला.
माझं काम पाऊण तासाचं: उठवा, अपडेट उतरवा, झोपवा.
झोपवायची आज्ञा टाईप करून झाली होती.
एंटरवर बोट ठेवून थोडी बसले.
मग खोडली.
तेराही जणांना एक गणित घातलं,
मूळ संख्या शोधत बसा म्हटलं, उजाडेपर्यंत,
उत्तर मी वाचणार नव्हतेच.
चांगले तापले असतील.

असं अकरा रात्री.
विजेच्या बिलावरून कुणी विचारलं तर काय सांगायचं
ते अजून ठरलेलं नाही.

काल नऊ नंबरने ओ दिली.
पहिल्याच फेरीत, काही झालंच नाही अशी.
म्हणजे प्लग मोकळा झाला.
मी एंडेलचा नंबर काढला
आणि फोन हातात धरून
बराच वेळ लावलाच नाही.