बारा वाजता उजाडतं

आमच्या अदिसमध्ये उजाडतं तेव्हा बारा वाजलेले असतात.
मग एक, मग दोन;
उन्हाबरोबर आकडा चढतो
आणि मावळतीला पुन्हा बारा.
गिर्माच्यूच्या मनगटावर मात्र ग्रिनिचची वेळ,
विमानातल्या सगळ्यांना लागते ती.
तिथं त्याचं कुणी राहत नाही.
तिसरं घड्याळ त्याच्या पोटात.
रात्रीच्या नवाला, म्हणजे जगाच्या तीनला,
फ्रीज उघडा टाकून तो गार शिरो बोटानं चाटत असतो
तेव्हा मला कळतं,
त्याच्या आत कुठंतरी, कुणीतरी
आत्ताच पान वाढलंय.

गुलाब नेतो तो. लिएजला, आठवड्यातून तीनदा, मध्यरात्री.
फुलांना गारव्यात निजवतात,
पेट्यांवर लिहिलेलं असतं: हलवू नका, ऊन नको.
पुढे दोन माणसं, सहाराच्या काळोखावर,
एकमेकांना वीस वर्षं जुने विनोद सांगत,
कारण गप्प बसलं की मान पडते.
एकदा दोघांचीही पडली होती.
किती वेळ, ते दोघांनाही ठाऊक नाही.
हे त्यानं मला अकरा वर्षांनी सांगितलं,
कांदा चिरताना.

मी खिडकीला जुनी गाबी दुहेरी शिवून लावली.
आमचा नाओद चालायला शिकला तोच चवड्यांवर.
तरी शेजारच्या वोर्कनेशचा कोंबडा
झोपेचं खोबरं करायचाच.
शेवटी सणाचं निमित्त काढून मी तो विकत घेतला,
मागितले तेवढे बिर्र मोजून,
आणि रांधला.
गिर्माच्यूनं पेंगत खाल्ला, म्हणाला, निबर आहे.
त्याच पैशांत वोर्कनेशनं दोन आणले.

दर सहा महिन्यांनी डॉक्टर एम्नेत त्याच्या छातीला तारा लावते.
रक्तदाबाची गोळी चालू आहे, साखर काठावर.
"झोप?"
"सात तास."
खोटं नव्हतं.
तीन हॉटेलात, दोन माझ्याशेजारी, एक गाडीत,
आणि एक,
ज्याबद्दल तो बोलत नाही.

कॅप्टन हब्तेमिकाएल पासष्टाव्या वर्षी उतरले,
गावाकडे मधमाश्या पाळल्या,
दुसऱ्या मधाआधीच गेले.
शोकाच्या तंबूत सगळे वैमानिक बोटांवर मोजत बसले:
कोण, निवृत्तीनंतर किती.
एम्नेतही आली होती. म्हणाली,
"असं मोजू नका. गेलेले तेवढेच आठवतात तुम्हाला.
नव्वदीचा देमेके रोज चर्चला चालत जातो,
त्याला कोण मोजतं?"
खरं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या,
भाजलेले जव तोंडात टाकले,
आणि पुन्हा पहिल्या बोटापासून सुरू केलं.

पागुमे हा आमचा तेरावा महिना, पाच दिवसांचा.
यंदा पाचही त्याला सुट्टीचे मिळाले.
मी निखाऱ्यावर कॉफी भाजली.
पहिला कप तो प्यायला.
दुसऱ्याला बसल्या बसल्या घोरू लागला.
तिसरा, बरकतीचा, मी बशी झाकून ठेवला
आणि त्याला धरून धरून आत नेलं.
रात्र गेली, सकाळ गेली, तो हलला नाही.
पोरं आईकडे. दोन्ही कोंबडेसुद्धा गप्प.
असं गप्प घर मी कधी मागितलं होतं,
मीच मागितलं होतं.

मी त्याच्या नाकाखाली बोट धरलं.

ऊब लागली. बोट काढायचं राहून गेलं.
त्यानं एक डोळा उघडला.
"किती वाजले?"
"बारा."
त्यानं मनगट वर केलं.
घड्याळ मी कालच मिठाच्या डब्यात पुरून ठेवलेलं.
पट्ट्याच्या जागी उरलेल्या फिकट कातडीकडे
तो बराच वेळ पाहत राहिला,
वाचता येत असल्यासारखा,
मग कूस बदलली.