गुरुवारची नोंद

खोक्यावर एक बाई अनवाणी हसते आहे,
झग्याला बाह्यासुद्धा नाहीत तिच्या,
आणि खाली लाल अक्षरांत: निम्म्या विजेत दुप्पट ऊब!
नेसा क्विग्लीने ते खोकं दोन जिने चढवून आणलं
आणि आर्ची लॅमाँटच्या दारात आदळलं.
"साखर कारखान्यात मीटर बघायचास ना तू?
मग सांग, ही बया खरं बोलते का."

ग्रीनॉक. फेब्रुवारी.
क्लाइडवरून येणारा वारा खिडकीच्या फटीत नखं घासतो.
आर्चीने आधी ती फट वर्तमानपत्राने बुजवली,
दाराखाली टॉवेलची गुंडाळी लावली,
आणि चार थर्मामीटर वितळत्या बर्फात बुडवून
चारही शून्यावर येतात का ते पाहिलं.
एक अर्ध्या अंशाने खोटं बोलत होता.
त्याच्या गळ्यात सुतळी बांधली, ध्यानात राहावं म्हणून.

एक टांगला घोट्यापाशी, एक गुडघ्याशी,
एक बसल्या माणसाच्या खांद्याशी,
आणि सुतळीवाला वर, दिव्याच्या टोपीजवळ.

खोक्यावर दोन हजार वॅट.
सॉकेटमधल्या मीटरवर एक हजार आठशे त्रेपन्न.
"लबाडी!" नेसा म्हणाली.
"लबाडी कसली, संध्याकाळ आहे.
सगळ्या गल्लीने चहा ठेवलाय. दाब उतरलाय."
ती सूप चढवायला निघून गेली.

तीन तास. दर दहा मिनिटांनी पेन्सिल.
थर्मोस्टॅट टक् करून झोपायचा, टक् करून उठायचा.
छताशी तेवीस, घोट्याशी चौदा.
सगळी ऊब दिव्याशी गप्पा मारत बसलेली
आणि पाय आपले तसेच, उंबऱ्याबाहेर ठेवलेले.
चार पूर्णांक एक युनिट.
एक पौंड अकरा पेन्स.

बुधवारी त्याने पलंगाखालून आपला जुना हीटर ओढला,
दोन कांड्यांचा, जाळी वाकलेली,
लावला की आधी धूळ जळल्याचा वास.
चार पूर्णांक एक युनिट होताच बटण बंद.
खोली तेवढीच तापली. तेवढीच.
आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही,
आणि आहे ते सगळं येतं, थेंब न सांडता,
पोहरा पितळेचा असो की गंजक्या पत्र्याचा.

"म्हणजे माझे साठ पौंड?"
"त्या अनवाणी बाईला बूट घेता येतील."

नेसा हसली नाही. बसली मात्र.
त्या गुरुवारी नव्या हीटरची फेरतपासणी होती,
तिच्या हातात अर्धा विणलेला मोजा,
आणि तोंडात फेरीबोटीवर स्वयंपाकी असलेल्या भावाची गोष्ट,
जी उकडलेल्या बटाट्यांवरून सुरू होऊन
तीन तासांत त्याच्या दुसऱ्या लग्नापर्यंतच पोचली.

रात्री आर्चीने आकडे मांडले.
युनिट तेवढेच. बाहेरचा गारठा तोच.
आणि खांद्याशी पाऊण अंश जास्त.

त्याने थर्मामीटर पुन्हा बर्फात घातले.
टॉवेल पाहिला. फट पाहिली.
कागद कुठे सरकला नव्हता.
मीटर उलटा करून त्याचा तळसुद्धा पाहिला,
आणि मग समोरची खुर्ची,
जिच्या गादीवर लोकरीचा एक निळा धागा पडला होता.

बसलेलं माणूस: सुमारे शंभर वॅट.
(बोलत असल्यास थोडे अधिक.)

शिस्तीचा गडी. त्याने गुरुवारवर आडवी रेघ मारली
आणि समोर लिहिलं: बाद. मानवी चूक.
ते दोन शब्द बराच वेळ बघत राहिला.

शुक्रवारी सकाळी तो एक जिना उतरून गेला.
"एका नोंदीला नोंद म्हणत नाहीत," तो दाराशी म्हणाला,
"किमान तीन लागतात. परिस्थिती तंतोतंत तीच हवी.
खुर्ची तीच. मोजा तोच."
"भाऊपण तोच?"
"लग्नापासून पुढे चालेल."

नेसाने हात पुढे केला, मीटरची किल्ली मागायला,
कोपऱ्यावरच्या दुकानातून पैसे भरून आणते म्हणाली, पाच पौंड.
"तेवढ्यात तीन होतील?"
आर्चीने कानामागची पेन्सिल काढली.
"होतील. वर चहाही होईल,
केटली अर्धीच भरली तर."