दहावा

लिंकन, नेब्रास्का. जानेवारी. तळघर.
वर रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी खरडत गेली
आणि टेबलावरचा एक आरसा केसभर हलला.
केसभर म्हणजे आमच्या हिशेबात गावभर.
पुन्हा पहिल्यापासून.

व्हर्लिन ह्रुस्का पंपाला कान लावून उभा,
त्याचा बाप गाभण गाईच्या पोटाला लावायचा तसा.
हे तोच सांगतो.
"चालेल सकाळपर्यंत," म्हणतो. पंपाबद्दल.

फ्लोरिनच्या घरी नऊ जण.
एक पाट रिकामा होता, म्हणून दहावा येऊन बसला.
त्याला कुणी बांधलेलं नाही.
केंद्राचं सगळं देणं नऊ जणांतच वाटून संपलंय,
याच्या वाट्याला फक्त जवळीक:
टेकून बसला तर ऊब,
जरा सरकला तर काहीच नाही.

मग आमचा प्रकाश येतो, डोळ्यांना न दिसणारा.
एकेका फोटॉनच्या खिशात सुटकेपुरते पैसे नसतात,
म्हणून झुंडीनं पाठवतो,
काही फेमटोसेकंदांत, दोन-तीन हेलकाव्यांत.
पहिला हेलकावा उगाच.
दुसऱ्याला भिंत कलते
आणि दहावा ताटावरून उठतो.

मागे राहतो तो उदासीन अणू.
पाठ्यपुस्तकातला शब्द आहे, माझा नाही.
उदासीन अणू हाक मारत नाही.
जाणारा प्रकाशाच्या झोक्यावर
दोनदा मागे-पुढे होतो,
ते मागे वळून पाहणं नव्हे, हेही
मला लिहून ठेवावं लागतं.

पडद्यावर दोन डाग. डावा उजळ.
डागांवर बारीक काळे पट्टे, गोधडीच्या टाक्यांसारखे.
"नक्की कधी निघाला?" व्हर्लिन विचारतो.
मी सांगते: लाटेच्या माथ्याआधी एक क्षण,
माथ्यानंतर एक,
दोन्हींतून तोच वेग हाती येतो.
दोन्ही क्षणी निघाला. म्हणून पट्टे.
कोणत्या, हे पकडायला गेलास
तर पट्टेच पुसले जातील.

तो बराच वेळ पडद्याकडे बघतो.
"जॅनेल ऑगस्टमध्ये गेली," म्हणतो,
"भाड्याच्या ट्रकमधून, सिएटलला.
पण त्याच्या आदल्या थँक्सगिव्हिंगला
ती बटाट्याचं भांडं पुढे सरकवत होती ना, तेव्हाच..."
आणि चष्मा शर्टाला पुसायला लागतो.
शर्ट तेलकट. चष्मा आणखी धुरकट.

नोंदवहीत मी देवनागरीत लिहिते: दहावा.
पेन अडखळतं.
आमच्याकडे या शब्दाला कावळा लागतो.
इथं पार्किंगमधल्या एल्मवर शेकड्यांनी बसलेत,
पण ते सगळे लूथरन.

चार वाजता फेज अर्ध्या फेऱ्यानं फिरवली.
डावा डाग विझत गेला, उजवा उजळला.
"म्हणजे दिशा तुझ्या हातात," व्हर्लिन खूश.
मी मान हलवली,
हो अशी की नाही अशी, मलाच कळलं नाही,
आमची मान तशीही दोन्हीकडे हलते.

चार चाळीसला पंप थांबला.
सकाळ व्हायला अजून अवकाश होता.
व्हर्लिननं पाना उचलला,
आणि मी टॉर्च धरला, जरा जास्तच जवळून.